टपालाचे तिकीट आणि त्याची अदृश्य जोड

झाशी जिल्ह्यात बेतवा नदीच्या काठी एरच नावाचे एक जुने गाव आहे. प्राचीन काळी या भागाला दशार्ण देश म्हणत आणि पाली वाङ्मयात या नगराचा उल्लेख ‘एरकच्छ’ या नावाने येतो. हिरण्यकशिपूची राजधानी ती हीच आणि होळीचा सण प्रथम येथेच सुरू झाला, असे तेथील लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. श्रद्धेची ही गोष्ट आपण बाजूला ठेवू. पण या गावाच्या टेकाडांतून ज्या वस्तू निघाल्या आहेत, त्या मात्र कोणालाही हातात घेऊन पाहता येण्याजोग्या आहेत. राजांची नावे कोरलेल्या विटा तेथे मिळाल्या आहेत, आणि तांब्याची नाणीही. त्या नाण्यांपैकी काहींवर ब्राह्मी लिपीत खुद्द या नगराचेच नाव आहे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या नाण्यावर नगराचे नाव कशासाठी घातले असेल? नाणे घेणाऱ्या माणसाला एक हमी हवी होती. तांब्याचा तुकडा कोणीही पाडू शकतो. पण ‘याच्यामागे आम्ही उभे आहोत’ असे नगराने म्हटले म्हणजे त्या तुकड्याला किंमत येते. धातू ही वस्तू झाली आणि त्यावरचे नाव ही साक्ष झाली. वस्तू आणि साक्ष यांची ही जोडी मनात ठेवूनच आज आपल्याला एका अगदी नव्या प्रकाराकडे वळावयाचे आहे. तो प्रकार म्हणजे ‘क्रिप्टो स्टॅम्प’ या नावाने ओळखली जाणारी टपालाची तिकिटे.

या प्रकाराचा आरंभ ऑस्ट्रियाच्या टपाल खात्याने 11 जून 2019 रोजी केला. त्या खात्याने 6.90 युरो किमतीचे एक तिकीट विक्रीस काढले. त्यावर पुराणकथेतील एकशिंगी घोड्याचे चित्र होते. हे तिकीट एका छोट्या पत्त्याच्या आकाराचे असून त्याचे दोन भाग होते. एक भाग नेहमीचे तिकीट, जे पाकिटाला चिकटवून पत्र धाडता येई. दुसऱ्या भागावर काही अक्षरे व अंक छापलेले होते आणि त्यांतील गुप्त भाग खरवडून काढण्याच्या थराखाली झाकलेला होता. तो थर खरवडला म्हणजे ग्राहकाच्या हाती एक किल्ली येई. लोखंडाची नव्हे, अक्षरांची. त्या किल्लीने संगणकाच्या जाळ्यावर नोंदलेले, त्याच तिकिटाचे एक अदृश्य जोडतिकीट त्याच्या मालकीचे होई. या अदृश्य जोडीला ‘टोकन’ म्हणतात.

अशी दीड लाख तिकिटे काढण्यात आली. टोकनांचे रंग मात्र पाच होते. काळी 78,500, हिरवी 40,000, निळी 20,000, पिवळी 10,000 आणि तांबडी अवघी 1,500. आपल्या वाट्याला कोणता रंग आला हे तिकीट विकत घेईपर्यंत कोणालाच कळत नसे. साहजिकच तांबड्या रंगाच्या शोधात लोक धावू लागले. पुढे 25 नोव्हेंबर 2021 रोजी स्वित्झर्लंडच्या टपाल खात्याने 8.90 फ्रँक किमतीची अशीच 1,75,000 तिकिटे काढली. कागदी तिकीट सर्वांचे सारखे, पण अदृश्य जोडीची चित्रे तेरा प्रकारची. आणि त्यांतील सर्वांत दुर्मिळ चित्राच्या प्रती केवळ 50. इतर काही देशांच्या टपाल खात्यांनीही हीच वाट धरली.

आता हे टोकन ज्या नोंदवहीत राहते ती नोंदवही, म्हणजेच ‘ब्लॉकचेन’, काय आहे ते पाहू. नाव अवघड असले तरी कल्पना आपल्या गावगाड्याच्या ओळखीची आहे. अशी कल्पना करा की एका गावात जमिनीच्या नोंदी ठेवण्याचे काम एकट्या तलाठ्याकडे नाही. गावातील प्रत्येक घरी त्या वहीची हुबेहूब प्रत आहे. कोणी जमीन विकली की चावडीवर पुकारा होतो आणि साऱ्या घरांतील वह्यांत ती नोंद एकाच वेळी चढते. एका माणसाने रात्रीतून आपल्या वहीत खाडाखोड केली, तरी सकाळी बाकीच्या वह्यांशी ताडून पाहताच त्याची लबाडी उघडी पडते.

याला आणखी एक जोड आहे. या वहीच्या प्रत्येक पानाच्या शिरोभागी आधीच्या पानाचा एक ‘अंकठसा’ लिहिलेला असतो. पानावरील सर्व अक्षरांवरून ठरावीक गणिताने काढलेली एक लांबलचक संख्या, म्हणजे हा ठसा. मागील पानातले एक अक्षर जरी बदलले तरी ही संख्या पार बदलून जाते, आणि मग पुढच्या प्रत्येक पानाशी तिचा मेळ बसेनासा होतो. पाने अशी एकमेकांत साखळीसारखी अडकलेली असल्यामुळेच या वहीला साखळीचे नाव मिळाले. 2009 मध्ये चालू झालेल्या बिटकॉइन या आभासी चलनाने ही पद्धत जगापुढे आणली. तर ऑस्ट्रियाच्या तिकिटांची टोकने 2015 मध्ये सुरू झालेल्या इथेरियम नावाच्या साखळीवर नोंदलेली आहेत.

बिटकॉइन आणि तिकिटाचे टोकन यांत एक महत्त्वाचा भेद आहे. दहा रुपयांची एक नोट देऊन दुसरी घेतली तर आपले काही बिघडत नाही. सर्व नोटा सारख्याच. पण तिकिटाचे प्रत्येक टोकन स्वतंत्र क्रमांकाचे, म्हणून दुसऱ्याशी अदलाबदल न होणारे असते. शेताच्या सातबाऱ्यासारखे ते एका विशिष्ट गोष्टीविषयीच बोलते. ज्याच्याजवळ गुप्त किल्ली, त्याच्या नावे ते टोकन. आणि त्याने ते दुसऱ्यास दिले की त्या हस्तांतराची नोंद साखळीवर कायमची राहते.

हे सर्व टपाल खात्यांनी का आरंभिले, याचे कारण समजण्यासारखे आहे. लोक पत्रे लिहीनासे झाले. ज्या तिकिटाचा जन्मच पत्रासाठी झाला, त्याला काम उरले नाही. 6 मे 1840 पासून इंग्लंडात ‘पेनी ब्लॅक’ हे पहिले तिकीट चालू झाले, तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता की, या पत्राचे दाम अगोदर भरले आहेत. म्हणजे तिकीटही मुळात एक टोकनच होते. सरकारने दिलेल्या वचनाची ती कागदी खूण होती. आपल्याकडे 1852 मध्ये सिंध प्रांतात बार्टल फ्रियर यांनी ‘सिंध डाक’ची तिकिटे काढली, आशियातील ती पहिली तिकिटे होत. 1926 पासून भारताची तिकिटे आपल्या नाशिक येथील छापखान्यात छापली जाऊ लागली, आणि कित्येक मराठी घरांतील मुलांच्या वह्यांत या छापखान्याचे काम जाऊन बसले. 15 ऑगस्ट 1957 रोजी झाशीच्या राणीचे घोड्यावर आरूढ झालेले चित्र 15 नव्या पैशांच्या तिकिटावर आले. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये दशमान नाणी सुरू झाली होती. त्या एका इवल्याशा कागदात सत्तावन्नचे स्मरणही आहे आणि आण्यांच्या हिशेबाला दिलेला निरोपही आहे. असा अर्थ ज्या वस्तूत साठतो, तीच संग्रहणीय होते.

मग प्रश्न उभा राहतो तो असा: दुर्मिळपणा कोठून येतो? 1854 मध्ये कलकत्त्यास चार आण्यांची दुरंगी तिकिटे छापताना काही कागद उलटे लागले आणि व्हिक्टोरिया राणीचे डोके खाली व पाया वर असे छापले गेले. अशी अगदी थोडी तिकिटे आज उपलब्ध आहेत आणि त्यांना अमाप किंमत येते. येथे दुर्मिळपणा अपघाताने आला आणि काळाने तो वाढविला. नव्या तिकिटात मात्र ‘तांबडी 1,500 च निघतील’ असे आधीच ठरविलेले असते. हा दुर्मिळपणा घडलेला नाही, घडविलेला आहे.

पण हा दोष केवळ या संगणकयुगाचा आहे असे कोणी समजू नये. त्याचा दाखला आपल्याला एरचच्या आसमंतातच सापडतो. बुंदेलखंडातील दतिया, ओरछा, चरखारी, बिजावर या संस्थानांनी आपापली तिकिटे काढली होती. त्यांतील चरखारीने 1931 मध्ये इमारतींची सुंदर चित्रे असलेली एक तिकीटमाला काढली. आज ती तिकिटे कोऱ्या किंवा संग्राहकांसाठी मुद्दाम शिक्का मारलेल्या अवस्थेत सहज मिळतात. खऱ्याखुऱ्या पत्रावर लागून प्रवास केलेले तिकीट मात्र शोधावे लागते. अर्थात पत्रांसाठी नव्हे, तर संग्राहकांच्या पैशांसाठी तिकीट काढण्याची युक्ती झाशीच्या शेजारी त्या काळीच ठाऊक होती. जाणते संग्राहक या मालेकडे कौतुकाने पाहतात, पण तिची योग्य ती किंमतही जाणतात.

याच भागातील दतियाची कथा याहून बोधप्रद आहे. दतियाने 1893 च्या सुमारास गणपतीचे चित्र असलेली साधी तिकिटे काढली. छपाई अगदी ओबडधोबड. कोणीही नक्कल करावी अशी. म्हणून तिकीट विक्रीस काढण्यापूर्वी त्यावर संस्थानची गोल मोहोर, बहुधा निळ्या शाईने, उठविली जात असे. मोहोर असेल तर तिकीट खरे. म्हणजे कागद ही वस्तू आणि मोहोर ही तिची साक्ष, असा एरचच्या नाण्यांचाच न्याय येथे पुन्हा अवतरला. टोकन हे या मोहोरेचेच नवे रूप आहे. मात्र दोहोंत एक भेद आहे, आणि सारे मर्म त्या भेदातच आहे. दतियाची मोहोर तिकिटाच्या अंगावर होती. तिकीट फाडल्याशिवाय ती वेगळी करता येत नव्हती. टोकन मात्र तिकिटाच्या अंगावर नसते. ते दूर कोठेतरी हजारो संगणकांच्या वहीत असते.

याचा परिणाम काय होतो पाहा. ऑस्ट्रियाच्या त्या तिकिटाचा अर्धा भाग फाडून कोणी पत्राला लावला, तर पत्र जाईल. आणि टोकन मात्र त्याच्याच किल्लीखाली राहील. उद्या तो कागद एकास आणि टोकन दुसऱ्यास विकू शकेल. मग ‘हे तिकीट माझे’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? साखळीवरील नोंद एवढेच सांगते की, अमुक क्रमांकाचे टोकन अमुक किल्लीच्या ताब्यात आहे. समोर ठेवलेला कागद तोच आहे की नाही, हे ती पाहू शकत नाही. वहीतली नोंद खोटी करता येत नाही, हे खरे. पण खोटी गोष्ट प्रथमच वहीत नोंदविली, तर वही तिलाही तितक्याच निष्ठेने जपते. खरेपणाची पारख शेवटी माणसालाच करावी लागते.

दुसरा धोका किल्लीचा. घराची किल्ली हरवली तर कुलूप फोडता येते. बँकेचे पुस्तक गहाळ झाले तर अर्ज करून दुसरे मिळते. येथे तशी सोय नाही. किल्लीचा कागद वाळवीने खाल्ला, किंवा आजोबांनी तो कोठे ठेवला हे घरात कोणालाच ठाऊक नसले, तर ते टोकन सर्वांना दिसत राहील, पण कोणाच्याच उपयोगी पडणार नाही. उलट, थर खरवडून किल्ली कोणी आधीच पाहून ठेवली असेल, तर त्याला ते टोकन घरबसल्या उचलून नेता येईल. आजोबांच्या तिकिटांची वही नातवाच्या हाती जाते तेव्हा ती आपोआप त्याची होते. या नव्या वारशाला मात्र मृत्यूपूर्वीची तजवीज लागते.

तिसरी गोष्ट बाजारभावाची. 2021 मध्ये अशा टोकनांचे जगभर मोठे वेड पसरले आणि 2022 पासून तो बाजार कोसळला. टपाल खात्याचे नाव पाठीशी असले, तरी ते खाते फक्त तिकिटाच्या छापील किमतीची सेवा देण्यास बांधलेले असते. टोकनाचा चढलेला भाव टिकवून धरण्यास नव्हे. आपल्या देशात अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के आयकर लागू झाला. त्यात एक सूक्ष्म पण अर्थपूर्ण भेद केला गेला. जून 2022 च्या अधिसूचनेने, ज्या टोकनाच्या हस्तांतराबरोबर त्याच्या मागील प्रत्यक्ष वस्तूची मालकीही कायदेशीरपणे हस्तांतरित होते, ते टोकन या व्याख्येतून वगळले. म्हणजे टोकन वस्तूला खरोखर बांधलेले आहे की नुसते तिचे नाव सांगत आहे, हा आपला प्रश्न कायद्यापुढेही उभा राहिला होता.

या वहीला लागणाऱ्या विजेविषयी पूर्वी जी तक्रार होती, ती मात्र बरीचशी दूर झाली आहे. इथेरियमने सप्टेंबर 2022 मध्ये नोंदी पडताळण्याची आपली रीत बदलली. त्यापूर्वी असंख्य यंत्रे गणिताची कोडी सोडविण्याच्या शर्यतीत वीज जाळीत असत. आता काही रक्कम तारण ठेवणारे सदस्य ते काम करतात, आणि विजेचा खर्च शेकडा नव्याण्णवांहूनही अधिक घटला आहे.

तर मग या नव्या वहीचा काहीच उपयोग नाही काय? तसे मुळीच नाही. 2022 मध्ये आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे जातीचे दाखले अशा साखळीवर नोंदवून देण्याचा उपक्रम झाला; सुमारे 65,000 दाखल्यांची ती योजना होती. दाखला खरा की बनावट हे कोणालाही तत्काळ ताडून पाहता यावे, हा त्यामागील हेतू. येथे दुर्मिळपणाचा बाजार नाही, भावाची चढाओढ नाही. एका दुर्गम तालुक्यातील विद्यार्थ्याच्या हातातील कागदाला दूरच्या शहरातही विश्वासाने स्वीकारले जावे, एवढीच माफक अपेक्षा आहे. शिवाय तेथे दाखला देणारा अधिकारी स्वतःच ती नोंद करतो. त्यामुळे वस्तू आणि साक्ष यांचा उगम एकाच हातून होतो.

आणि येथेच आपण पुन्हा एरचला येऊन पोहोचतो. अशा जुन्या गावच्या टेकाडातून पावसाने माती वाहून गेली की एखादे हिरवट तांब्याचे नाणे वर येते. 1878 च्या निधिसंग्रह कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा निधी सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. तरीही एखादे नाणे मोडीच्या भावाने हातोहात गेले, तर काय घडते? नाणे नष्ट होत नाही. ते कोणा संग्राहकाच्या मखमलीच्या पेटीत सुखरूप राहतेही. पण ते कोणत्या थरात, कोणत्या विटेशेजारी, कोणत्या खापरासोबत होते, ही त्याची साक्ष कायमची पुसली जाते. नगराचे नाव ते सांगेल; पण त्या नगराचा इतिहास त्याला सांगता येणार नाही. वस्तू राहिली आणि साक्ष हरपली, असा हा प्रकार आहे. तिकिटाच्या टोकनाची भीती नेमकी याच्या उलट आहे: साक्ष अक्षय राहील आणि वस्तूच हरपेल.

या दोन टोकांच्या मध्ये विचारी माणसाची वाट आहे. ज्या दिवशी नाणे सापडले, त्या दिवशीच त्याचे छायाचित्र, वजन, स्थान आणि शोधणाऱ्याचे नाव कोणालाही खोडता न येणाऱ्या वहीत नोंदले गेले, तर ती वही टपाल तिकिटांच्या तांबड्या-पिवळ्या टोकनांपेक्षा देशाची कितीतरी मोठी सेवा करील. तिकिटे जमविणाऱ्या मुलांनाही एवढेच सांगावेसे वाटते की, अदृश्य जोड असलेले तिकीट हाती आले तर ते अवश्य ठेवावे. तेही आपल्या काळाचे चिन्ह आहे. पण ते ठेवताना त्याखाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहाव्यात: हे कोणी दिले, केव्हा दिले, कोणत्या पत्रावरून काढले. किल्ली कोठे ठेवली आहे, तेही घरात कोणाला तरी सांगून ठेवावे.

एरचच्या त्या नाण्याने दोन हजार वर्षे कोणत्याही यंत्राच्या आधारावाचून आपले नाव जपले. आज आपण निर्माण करीत असलेल्या साखळ्या पन्नास वर्षांनी कोण वाचील, हे सांगता येत नाही. म्हणून साक्ष जितक्या ठिकाणी राहील तितकी ठेवावी. वस्तूच्या अंगावर, घरच्या वहीत आणि हवी तर या नव्या साखळीवरही. मात्र त्या सर्वांच्या मुळाशी, ‘मी हे पाहिले, आणि हे खरे आहे’ असे निर्भयपणे म्हणणारा एक प्रामाणिक माणूस असावा लागतो.